हजारात जेमतेम तीन थेंब

उंदराच्या डोळ्यातून दृष्टिपटल सोडवून घेतलं की ते ओल्या टिश्यू पेपरच्या कपट्यासारखं दिसतं. पिल्लू चौदा दिवसांचं असेल तर आणखी नाजूक. हा कपटा पपेनमध्ये ठेवायचा. पपेन म्हणजे कच्च्या पपईतलं एन्झाइम. मटण लवकर शिजावं म्हणून आपण पपई लावतो ती याच्याच जोरावर. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिनं सुटतात, मग पिपेटने हलक्या हाताने वरखाली केलं की पडदा उरत नाही, उरतो किंचित गढूळ द्रव. त्यात लाखो सुट्या पेशी. पडद्यात असताना कोण कुठल्या थरात बसली होती, कोणाच्या शेजारी होती, हे सगळं आता पुसलं गेलं.

या गढूळ द्रवातली एकेक पेशी काय करत होती, तिच्यात कोणती जनुकं चालू होती आणि कोणती बंद, हे पेशीवार सांगायचं. तेही दहा-वीस पेशींचं नव्हे, हजारोंचं. २१ मे २०१५ रोजी ‘सेल’ या नियतकालिकात इव्हान मकॉस्को, अनिंदिता बसू, स्टीव्हन मॅकॅरोल आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. पद्धतीचं नाव ड्रॉप-सेक: एकेक पेशी तेलात पाडलेल्या पाण्याच्या एकेका थेंबात कोंडायची आणि मग वाचायची. त्यांनी उंदराच्या दृष्टिपटलातल्या ४४,८०८ पेशी एकेक करून वाचल्या. त्या प्रकरणाची ही मांडणी आहे. थेंब कसे पाडले यापेक्षा बहुतेक थेंब रिकामे का ठेवले, यात मला जास्त रस आहे.

आधीची अडचण

तोवरचा सरधोपट मार्ग म्हणजे सगळ्या पेशी एकत्र फोडायच्या, सगळा आरएनए, म्हणजे चालू जनुकांवरून निघालेल्या प्रती, एकत्र काढायचा आणि मोजायचा. पंचामृत ढवळल्यावर त्यात मध किती, दही किती याचा अंदाज बांधता येतो. पण कुठला थेंब कुठल्या वाटीतून आला हे कोणी सांगू शकत नाही. दृष्टिपटलात तर बहुसंख्य पेशी एकाच प्रकारच्या, म्हणजे अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडाकार पेशी. सगळं एकत्र केलं की त्यांच्याच आवाजात बाकीचे बुडतात. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गुच्छिका पेशी जेमतेम एक टक्का. सरासरीत त्यांची दखलही लागत नाही.

दुसरा मार्ग होता एकेक पेशी वेगळी करण्याचा. हाताने, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काचनळीने उचलून, किंवा यंत्राने. त्या काळात लोकप्रिय असलेल्या एका यंत्राच्या चिपमध्ये पेशींसाठी ९६ कप्पे होते. एका खेपेला ९६ पेशी, आणि प्रत्येकीची प्रक्रिया स्वतंत्र, म्हणजे खर्चही तितका. शंभर पेशींत ज्या प्रकाराची एखादीच पेशी सापडते, त्याच्या दोनशे पेशी हव्या असतील तर किती चिपा लागतील याचा हिशेब करा, आणि मग अनुदान देणाऱ्याला पटवा.

दृष्टिपटल निवडण्यामागे शहाणपण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांतियागो रामोन इ काहाल यांनी त्याच्या पेशी रंगवून, कागदावर काढून ठेवल्या. तेव्हापासून आकार, जागा, विद्युत प्रतिसाद अशा सगळ्या बाजूंनी इथल्या पेशींची वर्गवारी चालू आहे. चेतापेशींचे मुख्य वर्ग पाच आणि त्यांचे उपप्रकार शंभराच्या घरात, असा साधारण अंदाज होता. नवी पद्धत तपासायची तर उत्तरपत्रिका अर्धी तरी हाती असलेला विषय घ्यावा. हार्वर्डमध्ये जोशुआ सेन्स यांची प्रयोगशाळा याच पडद्यावर वर्षानुवर्षं काम करत होती, आणि तेही या कामात सहभागी होते.

नाव आधी, गर्दी नंतर

कल्पना एका ओळीत सांगता येते. पेशी फुटून तिचा आरएनए बाहेर पडेल त्याच क्षणी त्याच्या प्रत्येक रेणूला त्या पेशीचं नाव चिकटवायचं. एकदा नाव चिकटलं की मग सगळं खुशाल एकत्र करा. हजारो पेशींचा माल एकाच नळीत, एकाच प्रक्रियेत, एकाच खर्चात पुढे जाऊ दे. शेवटी वाचताना नावावरून वाटणी करता येते. लग्नघरात सगळ्यांचे डबे एकाच खोलीत येऊन पडतात, पण झाकणावर रंगाने नाव घातलेलं असलं तर संध्याकाळी भांडण होत नाही. तसंच.

नावं लिहिलेली असतात मण्यांवर. मणी सुमारे ३० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान, राळेचे. प्रत्येकावर डीएनएचे दहा कोटींहून अधिक धागे उगवलेले. धाग्याचे भाग असे: मण्याच्या बाजूला सगळ्यांना समान असलेला एक तुकडा, पुढे पीसीआर करायला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायला, लागतो तो. त्यानंतर १२ अक्षरांचा बारकोड, म्हणजे मण्याचं नाव. एका मण्यावरच्या सगळ्या धाग्यांवर हा एकच. मग ८ अक्षरांचा अनुक्रमांक, जो धाग्यागणिक वेगळा. शेवटी ३० टी अक्षरांची शेपटी. मेसेंजर आरएनएच्या टोकाला ए अक्षरांची लांब शेपूट असते आणि ए-टी यांची जोडी जमते, त्यामुळे आरएनए आपणहून येऊन या टोकाला बिलगतो.

आता लाखो मण्यांवर लाखो वेगळी नावं लिहायची कशी? एकेक मणी धरून कोणी लिहीत बसणार नाही. इथली युक्ती मला आजही फार आवडते. मण्यांचे चार वाटे करायचे आणि चार पातेल्यांत घालायचे. पहिल्यात सगळ्यांना ए जोडायचा, दुसऱ्यात सी, तिसऱ्यात जी, चौथ्यात टी. मग सगळे मणी परत एकत्र करून ढवळायचे आणि पुन्हा चार वाटे करायचे. असं बारा वेळा. प्रत्येक मण्याचा बारा फेऱ्यांतला प्रवास वेगळा, आणि प्रवास हेच त्याचं नाव. शक्य नावं चाराचा बारावा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. त्यानंतर सगळे मणी एकाच पातेल्यात घालून चारही अक्षरं एकदम मिसळून आठ वेळा जोडायची. त्यामुळे एकाच मण्यावरचे धागेसुद्धा आपापसांत वेगळे होतात. हाच तो अनुक्रमांक, आणि त्याची शक्य रूपं ६५,५३६.

एक कोटी सदुसष्ट लाख नावं पुरतात का? दहा हजार मणी उचलले तर त्यातल्या एका ठरावीक मण्याचं नाव दुसऱ्या कुणाशी जुळण्याची शक्यता दहा हजार भागिले सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख, म्हणजे ०.०६ टक्के. पुरतात.

थेंब

थेंब पाडणारी चिप पारदर्शक सिलिकॉन रबराची, काचेवर चिकटवलेली. तिच्यात तीन वाटा येतात. एकीतून पेशींचं पाणी. दुसरीतून मण्यांचं पाणी, ज्यात पेशी फोडणारा साबणही मिसळलेला. तिसरीतून फ्लोरिनयुक्त तेल. पाण्याचे दोन प्रवाह शेजारी शेजारी येतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी तेल त्यांना चिमटा घेतं. पाण्याची धार तुटते आणि थेंब होतो. पेशी आणि साबण यांची गाठ थेंबात शिरतानाच पडते, त्यामुळे पेशी फुटते ती बंद खोलीत. तिचा आरएनए बाहेर जाऊ शकत नाही. आत मणी असेल तर त्यालाच चिकटतो.

थेंबाचा व्यास सुमारे १२५ मायक्रॉन, आकारमान एक नॅनोलिटर. पेशी आणि मणी यांचे पंप तासाला प्रत्येकी ४ मिलिलिटरच्या वेगाने चालवले तर सेकंदाला दोन हजारांवर थेंब पडतात. नुसत्या डोळ्यांना फक्त नळीतून दुधाळ काहीतरी वाहताना दिसतं. सामग्री म्हणाल तर तीन सिरिंज पंप, एक सूक्ष्मदर्शक आणि मण्यांच्या सिरिंजमध्ये फिरणारी इवलीशी चुंबकी चकती.

त्या चकतीबद्दल एक कबुली. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा तिला फिरवणारी मोटर चालू करायला विसरलो. मणी पाण्याहून जड, ते सिरिंजमध्ये भराभर खाली बसले. आधी मण्यांची झुंबड आली, एकेका थेंबात चार-चार, आणि नंतर पाच मिनिटं एकही मणी नाही. पडद्यावर थेंब इतके देखणे दिसत होते की शेजारच्या टेबलावरून दोघं येऊन कौतुक करून गेले. चूक माझ्या लक्षात आली ती सिरिंज काढताना.

आता मुख्य हिशेब. थेंबात पेशी घालणारा कोणी नसतो, जी सापडेल ती जाते. अशा यदृच्छेला प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचं गणित लागू पडतं. पेशींच्या पाण्यात दर मायक्रोलिटरला १०० पेशी घेतल्या, तर दोन प्रवाह निम्मे-निम्मे मिसळल्यावर थेंबात सरासरी ०.०५ पेशी येते. म्हणजे शंभरातले पंचाण्णव थेंब पेशीविना, पावणेपाच थेंबांत एक पेशी, आणि दोन किंवा जास्त पेशी असलेले थेंब हजारात जेमतेम एक. मण्यांचं प्रमाण मायक्रोलिटरला १२० धरलं तर थेंबामागे सरासरी ०.०६ मणी, म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव थेंब मण्याविना. आपल्याला हवा एक पेशी आणि एक मणी असलेला थेंब. दोन्ही शक्यतांचा गुणाकार करा: हजारात २.७.

पहिल्यांदा हा आकडा ऐकणारा दचकतोच. विद्यार्थी हमखास विचारतात, मग पेशी दाट का घालत नाही? घालता येतात. पण दाट घातल्या की दोन पेशी एका थेंबात शिरू लागतात, दोघींना एकाच मण्याचं नाव मिळतं, आणि शेवटी यादीत अशी एक पेशी दिसते जी जगात नाही: अर्धी दंडाकार, अर्धी शंक्वाकार, म्हणजे उजेडात रंग पाहणारी. संशोधक आनंदाने तिला नवा प्रकार म्हणून जाहीर करेल. पेशी न मिळणं परवडतं, खोटी पेशी मिळणं परवडत नाही. म्हणून हजारातले नऊशे सत्त्याण्णव थेंब पाण्यात घालवायचे. सेकंदाला दोन हजार थेंब पडत असतील तर बाकीच्या तिघांवर भागतं. थेंब स्वस्त आहेत. वाया जातात त्या पेशी मात्र स्वस्त नसतात. ज्या थेंबात पेशी आहे पण मणी नाही, तिथे ती फुटते आणि तिचा आरएनए तसाच जातो. या हिशेबाने शंभरातल्या साधारण सहाच पेशी हाती लागतात. उंदराचं दृष्टिपटल आणखी एक आणता येतं. रुग्णाच्या गाठीतून सुईने काढलेला कण पुन्हा आणता येत नाही, तिथे ड्रॉप-सेक घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थेंब फोडल्यावर

थेंबांचं काम एवढंच, काही मिनिटांचं. तेल जड, म्हणून थेंबांचा दुधाळ थर नळीत वर तरंगत असतो. त्यात भरपूर मिठाचं पाणी आणि परफ्लुरोऑक्टॅनॉल घालून जोरात हलवलं की थेंब फुटतात. पाणी आणि तेल यांच्या सीमेवर मण्यांचा पांढुरका पट्टा दिसतो. तो उचलायचा, धुवायचा.

हीच सगळ्यात नाजूक वेळ. खोल्यांच्या भिंती पाडल्या आहेत, सगळ्या पेशींचे मणी एकमेकांत मिसळले आहेत आणि आरएनए मण्याला धरून आहे तो नुसत्या ए-टीच्या जोडीवर. तो सुटून दुसऱ्या मण्याला चिकटला तर? म्हणूनच मीठ जास्त आणि हात बर्फावर. त्यानंतर लगेच उलट-प्रतिलेखन करायचं: आरएनएवरून डीएनएची प्रत तयार होते आणि ती मण्याच्या धाग्याचाच भाग बनते. आता नाव आणि मजकूर एका सलग रेणूवर आहेत, कायमचे जोडलेले. मूळ लेखकांनी अशा मण्याला ‘स्टॅम्प’ म्हटलं.

यापुढे सगळं नेहमीचं: पीसीआर, तुकडे करणं, सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या यंत्रात, घालणं. प्रत्येक रेणू दोन टोकांनी वाचला जातो. एका टोकाची वीस अक्षरं म्हणजे बारकोड आणि अनुक्रमांक, म्हणजे पेशी कोणती आणि रेणू कितवा. दुसरं टोक सांगतं जनुक कोणतं. पीसीआरमुळे एकाच रेणूच्या शेकडो प्रती होतात, आणि काहींच्या जास्त होतात, काहींच्या कमी. इथे अनुक्रमांक कामी येतो. पेशी तीच, जनुक तेच, अनुक्रमांकही तोच असेल तर कितीही वेळा वाचला तरी रेणू एकच मोजायचा. एकाच पावतीच्या पन्नास झेरॉक्स दाखवून पन्नासदा पैसे मागण्याचा प्रकार त्यामुळे बंद होतो. ६५,५३६ हा आकडा थोडा वाटला तरी पुरतो, कारण अनुक्रमांक वेगळे असण्याची गरज फक्त एका पेशीतल्या एका जनुकापुरती असते.

एक बारीक दोष मात्र मण्यांतच होता, आणि तो कसा सापडतो हे पाहण्यासारखं आहे. पातेल्यातल्या एखाद्या फेरीत काही मण्यांवर अक्षर जोडलंच गेलं नाही, तर बारकोड बाराऐवजी अकरा अक्षरांचा होतो. वाचणाऱ्या यंत्राला ते ठाऊक नसतं, ते बारा अक्षरं मोजून घेतं. बारावं अक्षर म्हणजे खरं तर अनुक्रमांकाचं पहिलं अक्षर, जे ए, सी, जी, टी यांपैकी काहीही असू शकतं. परिणाम? एकाच मण्याचे चार बारकोड दिसतात, एका पेशीच्या चार भुताटकी पेशी होतात. पण सगळंच एक घर सरकलेलं असल्याने विसाव्या जागी नेहमी टी येतो, कारण तो पुढच्या टी-शेपटीचा पहिला टी असतो. विसाव्या जागी सतत टी दिसला की चोर पकडला. ड्रॉप-सेकच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे तपासणारी पायरीच आहे.

माणूस आणि उंदीर एका भांड्यात

हे सगळं खरंच चालतं याचा पुरावा काय? या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग माझ्या मते हाच, दृष्टिपटलाच्या आकृत्यांपेक्षाही.

त्यांनी माणसाच्या पेशी आणि उंदराच्या पेशी एकाच भांड्यात मिसळल्या आणि मिश्रण चिपमधून सोडलं. माणसाच्या आणि उंदराच्या जनुकांचं लेखन पुरेसं वेगळं असतं, वाचलेल्या तुकड्यावरून प्राणी ओळखता येतो. आता प्रत्येक बारकोडसाठी माणसाचे रेणू आडव्या अक्षावर आणि उंदराचे उभ्या अक्षावर मांडायचे. पद्धत खरी असेल तर सगळे ठिपके दोन अक्षांना चिकटून बसतील. मध्ये कुठे ठिपका दिसला तर तो थेंब दोन पेशींचा. आणि अक्षावरचे ठिपके अक्षापासून जरा उचललेले दिसले, तर आरएनए कुठेतरी गळतो आहे, फुटलेल्या पेशींचा माल सगळ्या थेंबांत भटकतो आहे, किंवा थेंब फोडल्यावर मण्यांची अदलाबदल झाली आहे. एकाच चित्रात सगळे गुन्हे उघडे पडतात.

ठिपके अक्षांना धरूनच बसले. पेशी अगदी विरळ घातल्या तेव्हा जोड-पेशींचं प्रमाण ०.३६ टक्के होतं. दाट घातल्या तेव्हा ११.३ टक्के. यात एक खाच आहे. माणूस-उंदीर ही जोडी चित्रात दिसते, पण माणूस-माणूस आणि उंदीर-उंदीर या जोड्या दिसत नाहीत. दोन्ही जातींच्या पेशी सारख्याच घातल्या तर निम्म्या जोड्या लपूनच राहतात, म्हणून दिसल्या त्याच्या दुप्पट धराव्या लागतात. शिवाय प्वासाँचं गणित धरून चालतं की पेशी एकमेकींना ओळखत नाहीत. प्रत्यक्षात त्या चिकट असतात, पपेनने नीट न सुटलेली जोडगोळी एकत्रच थेंबात शिरते. त्यामुळे खरं प्रमाण कागदावरच्या हिशेबाहून वरच राहतं.

याच कामातून दुसरी गोष्टही कळली, तितकी गोड नसलेली. पेशीतल्या मेसेंजर आरएनएच्या शंभर रेणूंपैकी बारा-तेराच मण्यावर सापडतात. बाकीचे हरवतात. जे जनुक पेशीत चार-पाच रेणूच ठेवतं, ते एखाद्या पेशीत दिसेल, शेजारच्या सख्ख्या बहिणीत दिसणार नाही. म्हणून या पद्धतीत ‘शून्य’ हा आकडा वाचताना जपावं लागतं. एका पेशीच्या साक्षीला किंमत नाही; तीनशे सारख्या पेशी एकत्र येऊन बोलल्या की विश्वास ठेवायचा.

४४,८०८

दृष्टिपटलाचा प्रयोग सात वेळा केला गेला. विश्लेषणात राहुल सतिजा आणि कार्तिक शेखर यांचा वाटा मोठा. शेखर यांचं रासायनिक अभियांत्रिकीचं शिक्षण आयआयटी मुंबईतलं. सतिजा यांच्या सॉफ्टवेअरचं नाव ‘सुरा’, हे ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्या जॉर्ज सुरा या फ्रेंच चित्रकारावरून. नाव समर्पक आहे, एकेक पेशी म्हणजे एकेक ठिपका.

सगळ्या पेशी सारख्या वजनाच्या नव्हत्या. दंडाकार पेशी लहान, त्यांच्यात आरएनए कमी. म्हणून आधी ज्यांच्यात ९०० हून अधिक जनुकं सापडली अशा १३,१५५ पेशी घेऊन नकाशा तयार केला आणि मग उरलेल्या पेशी त्या नकाशावर बसवल्या. कोणालाही आधी सांगितलेलं नव्हतं की अमुक जनुक दिसलं तर अमुक वर्ग. तरी पेशींचे ३९ गट आपोआप पडले. दंडाकार एक गट, शंक्वाकार एक, क्षितिजपेशी एक, गुच्छिका पेशी एक. द्विध्रुवी, म्हणजे दोन टोकांना फाटे असलेल्या पेशींचे आठ. अमॅक्राइन नावाच्या, आडव्या जोडण्या करणाऱ्या पेशींचे तब्बल एकवीस. उरलेले आधारपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, मायक्रोग्लिया वगैरे. शंभर वर्षं सूक्ष्मदर्शकाने जी मोठी घराणी लावली होती तीच इथे, पेशी फोडून, जागा आणि आकार पूर्ण विसरून, पुन्हा लागली.

पेशी कमी घेतल्या असत्या तर? लेखकांनी हेही करून पाहिलं, पाचशे पेशी, दोन हजार पेशी. मोठे वर्ग तेव्हाही दिसतात, पण अमॅक्राइनचे उपगट एकमेकांत विरघळून जातात. संख्येचा हट्ट हौसेचा नव्हता.

नवं काय सापडलं? अमॅक्राइनपैकी एक छोटा गट असा आहे जो संदेश देण्याची नेहमीची दोन्ही रसायनं, ग्लायसीन आणि गाबा, वापरत नाही. त्याची खूण म्हणून पीपीपी१आर१७ हे जनुक पुढे आलं. ते खरं का हे पाहायला पुन्हा जुन्या मार्गानेच जावं लागलं: दृष्टिपटलाचा पातळ काप, त्यावर प्रतिपिंडाचा रंग आणि सूक्ष्मदर्शक.

खर्चाचा आकडा त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होता, पेशीमागे साडेसहा सेंट. तेव्हाच्या दराने चार रुपयांच्या आसपास. दहा हजार पेशींचं काम एका दिवसात, सुमारे ६५० डॉलरमध्ये. यात सिक्वेन्सिंगचा खर्च नाही, हे मात्र लोक सोयीने विसरायचे. चिपचा आराखडा, पंपांचे वेग, कुठल्या नळीचा व्यास किती, सगळं मोफत उपलब्ध करून दिलं गेलं. ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी आहे त्याने बसवावं.

त्याच अंकातला दुसरा थेंब

‘सेल’च्या त्याच अंकात दुसरा शोधनिबंध होता: इनड्रॉप. अलॉन क्लाइन, मार्क कर्शनर आणि सहकारी, तेही हार्वर्डचेच. डेव्हिड वाइट्झ यांची थेंबांची प्रयोगशाळा दोन्ही निबंधांत होती. इनड्रॉपचे मणी कडक नव्हते, जेलीसारखे मऊ. कडक मणी सिरिंजमध्ये सुटे-सुटे हिंडतात, मऊ मणी एकमेकांना चिकटून रांगेत सरकतात, आणि रांगेचा ताल थेंबांच्या तालाशी जुळवला की नव्वद टक्क्यांहून अधिक थेंबांत नेमका एक मणी पडतो. मण्यांच्या बाजूचं प्वासाँ त्यांनी मोडीत काढलं. पेशींच्या बाजूचं मात्र तसंच राहिलं. पेशी त्यांनाही विरळच घालाव्या लागल्या. पुढे बाजारात आलेल्या ‘टेन एक्स जीनोमिक्स’च्या यंत्रातही मणी जेलीचेच, थेंबात विरघळणारे, आणि घातलेल्या पेशींपैकी निम्म्या हाती लागतात. आज बहुतेक प्रयोगशाळा तेच यंत्र वापरतात. ड्रॉप-सेक स्वस्त होतं, पण हात बसायला महिना जायचा, आणि त्या महिन्याची किंमत पेशीमागच्या साडेसहा सेंटमध्ये कोणी धरली नव्हती.

थेंबांची मालकी कोणाची यावरून पुढे अमेरिकेत कोर्टकज्जेही झाले. बायो-रॅड आणि शिकागो विद्यापीठ यांनी टेन एक्सविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात डेलावेअरमधल्या ज्युरीने नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

जी पेशी चुकीच्या थरात बसली होती

पहिल्या नकाशात द्विध्रुवी पेशींचे आठच गट पडले होते, आणि तज्ज्ञांना माहीत होतं की हे कमी आहेत. अडचण परत संख्येचीच. ४४,८०८ पैकी बहुतांश दंडाकार, तर द्विध्रुवींच्या वाट्याला येणार किती? म्हणून पुढच्या खेपेला, २०१६ मध्ये, शेखर आणि सहकाऱ्यांनी असा उंदीर घेतला ज्याच्या द्विध्रुवी पेशी हिरव्या चमकतात. त्या आधी चाळून घेतल्या आणि मगच थेंबांत सोडल्या. या वेळी सुमारे २५,००० पेशींतून पंधरा प्रकार निघाले: आधी माहीत असलेले सगळे, आणि दोन नवे.

त्यातला एक विचित्र निघाला. आरएनएच्या हिशेबाने तो निःसंशय द्विध्रुवी, एका ओळखीच्या प्रकाराचा सख्खा भाऊ. नाव दिलं बीसी१बी. पण पडद्याच्या कापात त्याची खूण शोधली तेव्हा पेशी सापडली अमॅक्राइनच्या थरात. आणि द्विध्रुवी म्हणायचं तर दोन टोकं हवीत, हिला एकच. वरच्या बाजूला, प्रकाश टिपणाऱ्या पेशींकडे जाणारा फाटाच नव्हता. सूक्ष्मदर्शकातून पाहणारा कोणीही हिला अमॅक्राइनच म्हणाला असता. मग त्यांनी लहान वयाच्या पिल्लांचे काप पाहिले. तिथे तो वरचा फाटा होता. पेशी मोठी होताना तो आखडून घेते.